बातम्या सोडू की मतदान?

पन्नाशीतले एक वाचक लिहितात: नगरपरिषदेच्या गावात राहतो, खासगी कंपनीत हिशेबाचं काम करतो. संध्याकाळी दोन तास टीव्हीवरच्या चर्चा बघतो आणि तापलेल्या डोक्यानं जेवायला बसतो. नात्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेव्हण्यांशी राजकारणावरून इतकं वाजलं की यंदा दिवाळीला येणं-जाणंही झालं नाही. घरासमोरचा रस्ता डांबरी झाला, वर्षाच्या आत पाइपलाइनसाठी खोदला गेला, बुजवला तसा खचला. नगरसेवकांना फोन केले, आमदारांच्या कार्यालयात निवेदन दिलं, खासदारांच्या फेसबुक पानावर लिहिलं. काहीच हललं नाही. 'सगळे सारखेच. बायको म्हणते, टीव्ही बंद करा. मुलगा नुकताच अठरा वर्षांचा झालाय, तो म्हणतो, बाबा, आजवर मत देऊन तुम्हाला काय मिळालं? आता मलाही वाटतं, बातम्या, मतदान, सगळंच सोडून द्यावं. हा पळपुटेपणा होईल का?'

नमस्कार,

इतका पाठपुरावा करणारा माणूस पळपुटा नसतो, थकलेला असतो. तुमचा राग खरा आहे, आणि तो शांत करण्यासाठी हे उत्तर लिहीत नाही. पण तुमचं पत्र दोनदा वाचल्यावर एक गोष्ट खटकली. तुम्ही जीव लावलात, वेळ दिलात, नाती ताणलीत, पण ज्या कार्यालयाला तुम्हाला ठरावीक दिवसांत लेखी उत्तर देणं कायद्यानं भाग आहे, तिथे तुमचा एकही कागद गेलेला दिसत नाही. फोन झाले, निवेदन झालं, फेसबुकवर लिहून झालं. यातल्या एकालाही उत्तराची मुदत नाही.

आधी बातम्यांचं बघू, कारण रोजचा त्रास तिथून सुरू होतो. दोन तास चर्चा पाहणं म्हणजे जागरूक असणं, असं तुम्ही गृहीत धरलेलं दिसतं. बातमीदार तालुक्याच्या गावी पाठवायचा तर गाडी, कॅमेरा, मुक्काम आणि दिवसभराचा वेळ लागतो. चार पाहुणे चार चौकटींत बसवून भांडायला लावणं त्या मानानं फार स्वस्त पडतं, आणि भांडण चालू असताना माणूस चॅनल बदलत नाही. म्हणून संध्याकाळच्या त्या वेळात नवी माहिती फार थोडी असते. खात्री करायची असेल तर आठवडाभर एक करा. चर्चा संपल्यावर कागदावर लिहा, आज मला आधी माहीत नसलेलं काय कळलं? तारीख, आकडा, निर्णय, कायद्याचं नाव, असं काहीतरी ठोस. कागद कोरा राहिला, तर टीव्ही बंद करायचं कारण तुम्हालाच सापडलेलं असेल. बायकोशी वाद घालायची गरज उरणार नाही.

सगळ्याच बातम्या सोडू नका, एवढी मात्र विनंती. सकाळी अर्धा तास एक वर्तमानपत्र, तेही तुमच्या जिल्ह्याची आवृत्ती. फोनवरच्या बातम्यांच्या सूचना बंद. आणि वर्तमानपत्रात बहुतेक लोक जे पान उलटून टाकतात ते नेमकं वाचा: जाहीर सूचना आणि निविदा. कोणत्या रस्त्याचं काम निघालं, कोणत्या प्रस्तावावर 'हरकती व सूचना' मागवल्या आहेत, हे तिथे बारीक टाइपात छापलेलं असतं. शहराच्या प्रारूप विकास आराखड्यावर हरकत घ्यायला साधारण ३० दिवस मिळतात. त्या ३० दिवसांत गावाला पत्ता नसतो आणि जमिनीचं आरक्षण बदलल्यावर मोर्चा निघतो. तोवर लेखी हरकतीची मुदत गेलेली असते.

एखाद्या वाहिनीनं धडधडीत चुकीचं किंवा विखारी दाखवलं, तर घरात बसून चिडण्याऐवजी तक्रार करता येते. प्रसारणापासून ७ दिवसांत थेट वाहिनीकडे लेखी तक्रार करायची. उत्तर समाधानकारक नसेल तर त्यानंतर १४ दिवसांत वृत्तवाहिन्यांच्या मानक प्राधिकरणाकडे, म्हणजे एनबीडीएसएकडे जायचं. वाहिनी एनबीडीए या वृत्तवाहिन्यांच्या संघटनेची सदस्य असेल तरच हा दुसरा टप्पा लागू होतो. कार्यक्रमाचं नाव, तारीख, वेळ आणि नेमकं वाक्य लिहा. 'तुमची वाहिनी पक्षपाती आहे' एवढ्यावर काही होत नाही. वर्तमानपत्राबद्दल असेल तर आधी संपादकांना पत्र, मग भारतीय वृत्तपत्र परिषदेकडे. दैनिकाच्या बाबतीत मजकूर छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत.

आता 'सगळे सारखेच'. हे वाक्य थकव्यातून येतं, ते मी समजू शकते. पण तुम्ही ज्यांच्याकडे गेलात त्या तिघांची कामं सारखी नाहीत, आणि ते न पाहिल्यानं तुमचे कष्ट वाया गेले. गावातले रस्ते, पाणी, गटार, दिवाबत्ती हे नगरपरिषदेचं काम. १९९३ पासून लागू झालेल्या ७४व्या घटनादुरुस्तीनं बाराव्या अनुसूचीत अशा १८ विषयांची यादीच दिली आहे. खासदारांचा स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी आणि तो अख्ख्या लोकसभा मतदारसंघाला पुरवायचा असतो. आमदारांचाही ५ कोटींचा. त्यांच्याकडून रस्ता मंजूर होऊ शकतो, पण खचलेली खोदाई बुजवून घेणं हे मुख्याधिकारी आणि नगर अभियंत्याचं काम आहे. तुम्ही सगळ्यांना विचारलंत, या दोघांना सोडून.

आणखी एक संदर्भ तुमच्या रागाला धरून आहे. राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांची मुदत २०२१-२२ च्या सुमारास संपली आणि आरक्षण व प्रभागरचनेच्या वादात निवडणुका अडकल्या. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये आदेश दिल्यावर त्या डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासकाची. तुमचा रस्ता त्या काळात झाला असेल, तर त्यावर सभागृहात प्रश्न विचारणारा निवडून आलेला माणूसच नव्हता. ही मोठी हानी होती आणि तिच्यावर टीव्हीच्या चर्चेत फारसं कोणी बोललं नाही. नवे नगरसेवक आता बसलेत. त्यांना 'सारखेच' म्हणण्याआधी वर्षभरानं सर्वसाधारण सभेचं हजेरीपत्रक आणि इतिवृत्त मागवा. कोण आलं, कोण बोललं, कोणत्या ठरावावर कोणी विरोध नोंदवला, सगळं कागदावर असतं. फरक दिसेल. तो किती आहे हे पाहून मत बनवा.

रस्त्याकडे येऊ. तुम्ही हिशेबाचा माणूस आहात, हे इथे फार उपयोगी पडणार आहे.

पहिलं काम: रस्ता कोणाचा आहे ते ठरवा. नगरपरिषदेचा, सार्वजनिक बांधकाम विभागाचा, की जिल्हा परिषदेचा? गावातून जाणारे कित्येक रस्ते नगरपरिषदेचे नसतातच. चुकीच्या कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज दिला तर त्यांनी तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, पण तेवढे दिवस जातात आणि पुष्कळदा तो कुठल्या तरी टेबलावर अडकतो.

दुसरं: माहिती अधिकार कायदा, २००५ खाली अर्ज. महाराष्ट्रात अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, नमुना 'अ', अर्ज एका विषयापुरता आणि साधारण १५० शब्दांत. वर 'जन माहिती अधिकारी' आणि कार्यालयाचं नाव. इथे बहुतेक लोक एक चूक करतात. ते विचारतात, 'रस्ता इतक्या लवकर का खराब झाला? जबाबदार कोण?' असा प्रश्न फेटाळला जातो, आणि तो नियमाला धरून फेटाळला जातो. अधिकाऱ्यानं जे कागदावर आहे ते द्यायचं असतं, कारणमीमांसा लिहून द्यायची नसते. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं २००८ मध्येच हे स्पष्ट केलं आहे. म्हणून 'का' विचारू नका, कागद मागा. मजकूर असा चालेल:

'विषय: प्रभाग क्र. … मधील … ते … या रस्त्याचे डांबरीकरण. कालावधी: काम मंजूर झाल्यापासून आजपर्यंत. पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात: मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, करारनामा (दोषदायित्व कालावधीच्या अटीसह), मोजमाप पुस्तिकेतील नोंदी, अदा केलेली देयके, गुणवत्ता चाचणी अहवाल. तसेच या रस्त्यावर खोदकामासाठी दिलेली परवानगी, तिच्या अटी आणि रस्ता पूर्ववत करण्यासाठी भरून घेतलेल्या रकमेची नोंद.'

शेवटचं वाक्य सोडू नका. डांबरीकरणाचा ठेकेदार ठरलेल्या मुदतीपर्यंत दुरुस्ती स्वखर्चानं करायला बांधील असतो, तो दोषदायित्व कालावधी. पण मध्ये दुसऱ्या कोणी रस्ता खोदला की ठेकेदार हात वर करतो: 'माझं काम चांगलं होतं, पाइपवाल्यांनी खराब केलं.' पाइपवाले म्हणतात, 'आम्ही पैसे भरलेत, नगरपरिषदेनं बुजवावं.' दोन्ही फायली शेजारी ठेवल्याशिवाय कोणाची जबाबदारी आहे ते कळत नाही. तुमच्या रस्त्याचं उत्तर बहुधा याच दोन फायलींच्या मधल्या फटीत आहे.

अर्ज आवक शाखेत द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असं धरा. उत्तराची मुदत ३० दिवस. प्रतींसाठी पानाला २ रुपये. ते भरा असं पत्र आलं तर लगेच भरा, कारण पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत. मुदत उलटून गेली तर माहिती विनामूल्य द्यावी लागते. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर त्याच कार्यालयाच्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत अपील, २० रुपयांच्या स्टॅम्पसह. त्यांनी ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निर्णय द्यायचा. त्यानंतर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आयोग दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड करू शकतो. मात्र दुसऱ्या अपिलाची सुनावणी लागायला बराच काळ जातो, वर्षही जाऊ शकतं, हे मनाची तयारी म्हणून सांगते. बरीच माहिती पहिल्या अपिलातच सुटते, म्हणून ते अपील जपून, मुद्देसूद लिहा.

याहून सोपी एक वाट आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असं परिपत्रक सामान्य प्रशासन विभागानं २०१८ मध्ये काढलं. कार्यालयात ते दाखवावं लागू शकतं, म्हणून प्रत सोबत ठेवा. फाइल स्वतः चाळली की कोणत्या सहा पानांची प्रत हवी ते कळतं आणि साठ पानांचे पैसे वाचतात.

आता मोजमाप पुस्तिका हाती आली असं धरू. तिच्यात लांबी, रुंदी, जाडी लिहिलेली असते आणि बिल त्यावरच निघतं. समजा, २०० मीटर लांब आणि ४ मीटर रुंद अशी नोंद आहे. टेप घेऊन रस्ता पाच-सहा ठिकाणी मोजा आणि सरासरी काढा. ती साडेतीन मीटर भरली, तर २०० मीटरमागे १०० चौरस मीटरचं बिल जादा निघालेलं असू शकतं. 'असू शकतं' असंच म्हणा. डांबराच्या कडा झिजतात, मातीखाली जातात. म्हणून पत्रात भ्रष्टाचार हा शब्दसुद्धा लिहू नका, 'संयुक्त पाहणी करून मोजमाप पडताळावे' एवढीच मागणी करा. आरोप केला की अधिकारी बचावाला लागतो आणि फाइल मिटते. पाहणीची मागणी केली की तारीख द्यावी लागते.

रस्ता खचण्याचं कारणही पाहणीत दाखवता येईल. चर बुजवताना माती थराथरानं, साधारण १५ ते २० सेंटिमीटरचा एकेक थर टाकून ठोकायची असते. आपल्याकडे निघालेली माती एकदम लोटतात, वर मुरूम पसरतात, आणि पहिल्या पावसात चर बसते. मग तिथे पाणी साचतं. डांबराचा सगळ्यात मोठा शत्रू साचलेलं पाणी. ते फटीतून खाली गेलं की खडी सुटते, वरून गाडी गेली की खड्डा. त्या चरीवर नुसता २० मिलिमीटरचा कारपेट मारून घेतलात तर पुढच्या पावसाळ्यात हेच पत्र पुन्हा लिहाल. 'चर उकरून थरांत भरून, दबाई करून मग डांबरीकरण' अशीच मागणी लिहा, आणि कडेच्या गटाराचा उतारही तपासायला सांगा.

वेळही महत्त्वाची. पावसाळ्यात डांबराची कामं होत नाहीत, तेव्हा अर्ज दिला तर मुरूम टाकून बोळवण होते. मागणी ऑक्टोबरात द्या. नवीन काम हवं असेल तर डिसेंबरपर्यंत, कारण पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक जानेवारी-फेब्रुवारीत तयार होतं. मुख्याधिकाऱ्यांकडून हालचाल झाली नाही तर जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. अर्ज १५ दिवस आधी विहित नमुन्यात द्यावा लागतो आणि खालच्या पातळीवर दिलेल्या अर्जाची पोच जोडावी लागते. तिथे माहिती अधिकाराची, न्यायालयात चाललेली किंवा नोकरीविषयक प्रकरणं घेत नाहीत.

'एकट्यानं काय होणार' हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण ओळींमध्ये ते आहे. माहिती अधिकाराचा अर्ज एकट्यानं, स्वतःच्या नावानं करा. संस्थेच्या लेटरहेडवर केला तर 'नागरिक नाही' म्हणून परत येऊ शकतो. दुरुस्तीच्या मागणीवर मात्र गल्लीतल्या वीस-पंचवीस जणांच्या सह्या घ्या, नाव-पत्त्यासह. आणखी एक काळजी: प्रकरण रस्त्यावरून जमीन, वाळू किंवा मोठ्या बांधकामाकडे वळायला लागलं तर एकट्यानं पुढे जाऊ नका. महाराष्ट्रात माहिती मागणाऱ्यांवर हल्ले झालेले आहेत. अशा वेळी दोन-तीन जणांनी त्याच माहितीसाठी वेगवेगळे अर्ज करावेत, घरी आणि एखाद्या वकिलाला सांगून ठेवावं. वैयक्तिक माहितीबद्दलची तरतूदही आता कडक झाली आहे. अमुक अधिकाऱ्याची माहिती मागण्यापेक्षा अमुक कामाची कागदपत्रं मागा.

खेड्यातल्या वाचकांसाठी थोडं. तुमच्याकडे ग्रामसभा आहे आणि ती आमच्या शहरी वाचकांकडे नाही. वर्षातून किमान चार, बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला. विषय आधी लेखी द्या, ठराव झाला की इतिवृत्तात तो नोंदला गेला का ते वाचूनच घरी जा. शहरांसाठी क्षेत्रसभेची, म्हणजे एका भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद २००९ पासून कायद्यात आहे, पण बहुतेक शहरांत ती भरतच नाही. नव्या नगरसेवकांकडे मागायची एक चांगली गोष्ट म्हणजे ही.

मेव्हण्यांचं. पन्नास नातेवाइकांसमोर कोणी आपलं मत बदलत नाही. तिथे माघार म्हणजे अपमान वाटतो. ग्रुपवर राजकारणावर उत्तर देणं थांबवा आणि त्यांना फोन करा, राजकारण सोडून. दिवाळी गेली तर गेली, भाऊबीज तुमच्या बायकोचीही होती, तिच्यासाठी तरी पहिला फोन तुम्ही करा. पुढे त्यांनी खोटं काही पाठवलंच, तर ते चित्र इंटरनेटवर टाकून आधी कुठे आलं होतं ते शोधा, आणि जुनं किंवा दुसऱ्या राज्यातलं असल्याचं दिसलं की मूळ बातमीचा दुवा त्यांना एकट्याला पाठवा, एकदा, एकही विशेषण न लावता. आणि तुमच्या बाजूचं, तुम्हाला आवडलेलं जे येतं, तेही त्याच पद्धतीनं तपासा. ते त्यांना दिसू द्या.

राहिलं मतदान. न देण्याची बाजू मी हलकी मानत नाही. निवड वाईट आणि वाईटहून वाईट अशी असली की बोट पुढे होत नाही. पण मतदान न करणाऱ्याची नोंद कुठेच कारणासह होत नाही. आजारी, परगावी, आळशी आणि संतापलेला, सगळे एका आकड्यात जातात. संताप नोंदवायचा तर 'नोटा' आहे. विधानसभा-लोकसभेत नोटाला सर्वाधिक मतं पडली तरी पुढचा उमेदवार निवडून येतो. स्थानिक निवडणुकांत मात्र तसं झाल्यास फेरनिवडणूक घ्यायची, असा आदेश महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगानं २०१८ मध्ये काढला. म्हणजे तुमच्या प्रभागात नोटाला लोकसभेपेक्षा जास्त वजन आहे. प्रभाग लहान असतो, थोड्या मतांनी निकाल फिरतो. स्वतः उभं राहणं हाही पर्याय आहेच. वय २१ पूर्ण, यादीत नाव, नगरपरिषदेची थकबाकी नको, आणि १२ सप्टेंबर २००१ नंतरच्या अपत्यामुळे संख्या दोनच्या वर गेलेली नको. एखाद्या पक्षाचा सभासद होऊन आतून उमेदवारीबद्दल बोलणं, हे तर आपल्याकडे शिकलेले लोक फारच कमी करतात. त्यात कमीपणा मानू नका.

मुलाला मत द्यायचा उपदेश करू नका. अर्ज द्यायला जाताना त्याला बरोबर न्या, मोजमापाची टेप त्याच्या हातात द्या, आकडेमोड त्याला करू दे. आणि त्याचं नाव यादीत घाला. पात्रतेच्या तारखा आता वर्षातून चार आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. अर्ज नमुना ६, ऑनलाइन किंवा मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे (बीएलओ), वयाचा आणि पत्त्याचा पुरावा जोडून. स्थानिक निवडणुकांची यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते, तीही एका ठरलेल्या दिवसापर्यंतच्या नावांवरून. निवडणूक जाहीर झाल्यावर धावाधाव करणाऱ्यांची नावं राहतात ती याच कारणानं. मत द्यायचं की नाही हे तो नंतर ठरवेल, नाव याच तिमाहीत नोंदवून टाका.